तलाक झाला की नाही?

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेली एक आई मागच्या महिन्यात सगळे पालक गेल्यावर थांबली आणि हळूच म्हणाली, "आपा, मेरा तलाक हुआ के नहीं हुआ?" ती धुळ्यातली माझीच जुनी विद्यार्थिनी. सासर जळगावचे. दीड वर्षापूर्वी भांडणात नवऱ्याने एका दमात तीनदा तलाक म्हटले, भाऊ जाऊन तिला नि मुलाला घेऊन आला. तेव्हापासून खर्चाचा एक रुपया नाही. सासरचे म्हणतात झाला, मामू म्हणतात कायद्याने झालाच नाही. अर्जावर पालक म्हणून कोणाचे उत्पन्न लिहायचे, इथे तिची गाडी अडली होती. मी 'पालक आई' असे लिहून अर्ज पुढे पाठवला. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका ओळीत देता येत नव्हते.

कायद्यापुरते सांगते. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी एका बैठकीतला तिहेरी तलाक रद्द ठरवला. 2019 च्या कायद्याने तो गुन्हाही झाला, तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे सरकारदरबारी ती आजही पत्नी आहे. तिला मॅजिस्ट्रेटकडे स्वतःसाठी व मुलासाठी निर्वाह भत्ता मागता येतो, लहान मुलाचा ताबाही मागता येतो. दीनच्या बाजूने असा तलाक तीन धरायचा की एक, यावर मसलकांत मतभेद आहेत. तो निवाडा आलिमांचा, मी त्यात पडत नाही.

पण तलाक कसा असावा यावर मतभेद नाही. सूरह निसाने आधी दोन्ही घरांतला एकेक हकम बसवायला सांगितले, सूरह तलाकने इद्दत मोजायला आणि साक्षीदार ठेवायला. सर्वोत्तम रीत एकच तलाक आणि मग इद्दतभर थांबणे, म्हणजे परतीची वाट उघडी राहते. आपल्याच भुसावळचे प्रकरण पाहा. नवऱ्याने साक्षीदारांसमोर एकदाच तलाक दिला, इद्दत जाऊ दिली, मग तलाकनामा केला. तरी 2024 मध्ये त्याच्यावर आणि आईवडिलांवर गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिल 2025 मध्ये तो रद्द केला. बंदी तिहेरी तलाकवर आहे, तलाक-ए-अहसनवर नाही, आणि त्या कायद्याखाली सासू-सासऱ्यांना आरोपी करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

नवऱ्याने नुसते "मी कधीच तलाक दिला" म्हणून मात्र भागत नाही. याच खंडपीठाच्या पूर्ण पीठाने 2 मे 2002 रोजी लातूरच्या प्रकरणात सांगितले आहे की तलाकचे कारण, समेटाचे प्रयत्न आणि प्रत्यक्ष उच्चार हे सगळे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावे लागते. स्टॅम्प पेपर नोटरी केला की काम झाले असे आपल्याकडे अनेकांना वाटते. नोटरी सही कोणाची ते पाहतो, आत लिहिलेले खरे की खोटे ते नाही.

आता बाईच्या हातात काय? खुला आहे. हजरत साबित बिन कैस यांच्या पत्नीने मेहरमध्ये मिळालेली बाग परत करून सुटका घेतली, तीही प्रेषितांच्या (स.) समोर. दोघेही राजी असतील तर मुबारत. आणि नवरा सोडतही नाही, नांदवतही नाही, तेव्हा 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा. हा बाहेरून लादलेला आहे असे समजू नका. त्याची वाट मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी फिकहच्या आधारे दाखवली होती. दोन वर्षे खर्च न देणे, चार वर्षे बेपत्ता असणे, तीन वर्षे सबळ कारणाशिवाय संसाराची जबाबदारी टाळणे, क्रूरता, ही त्यातली काही कारणे. मारहाणच हवी असे नाही, वागणुकीने जगणे असह्य करणे हीसुद्धा क्रूरता. माझ्या विद्यार्थिनीची दोन वर्षे सहा महिन्यांनी भरतील, पण क्रूरतेसाठी तिला थांबायची गरज नाही. कोर्टाचा हुकूमनामा मिळाला की झाला की नाही हा वाद राहत नाही.

पोटगीचे वेगळे. 10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की फौजदारी संहितेतली पोटगी तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही मागता येते. हा अर्ज बाई राहते तिथल्या कोर्टात चालतो. तिला वाटत होते, तारखेला दरवेळी जळगावची बस धरावी लागेल. तसे नाही.

वकिलाच्या फीची भीती तर सगळ्यांनाच. 1987 च्या कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यायचा, किंवा 15100 वर फोन करायचा.

मी तिला कागद जमवायला सांगितले. निकाहनाम्याची नक्कल, मुलाचा जन्मदाखला, नवऱ्याच्या कमाईचा काही पुरावा, आणि त्या दिवशी घरात कोण कोण होते त्यांची नावे. निकाहनामा सासरी राहिला म्हणाली. निकाह धुळ्यातच लागला होता, म्हणजे काझीसाहेबांच्या रजिस्टरमध्ये नोंद असणार. जुम्म्यानंतर मामूंना घेऊन ती तिकडे गेली. दुसरी प्रत मिळाली. मेहरची रक्कम 'उधार' लिहिलेली आहे, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा वाचले.