ट्रिब्यूनचं दार उघडं असायचं, आपल्या आमदाराचं?

शाळेच्या पुस्तकातलं रोम म्हणजे सीझर. त्याच्या लढाया, त्याचा खून, झालं. ज्यांच्या पाठीवर ते रोम उभं होतं त्यांच्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही. त्यांना प्लेबियन म्हणत. शेत कसणारी, लढाईत मरणारी, कर्जात बुडालेली सामान्य माणसं. त्यांच्या डोक्यावर पॅट्रिशियन. मोजकी घराणी. जमीन त्यांची, सिनेट त्यांची, कायदा त्यांच्या तोंडात आणि देव त्यांच्या खिशात. ओळखीचं वाटतं ना, दोस्तांनो?

कुणी म्हणेल, काहून बाप्पा, इंदोऱ्यातल्या पोट्ट्यानं रोमचं काय लोणचं घालायचं? तर ऐका. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं. मंडळाची हिंमत खचली, परिषद रद्द झाली, बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये रोमचे प्लेबियन आहेत. ते तिथं विद्वत्ता मिरवायला आलेले नाहीत. आपल्यासाठी आलेत.

आधी त्यांची गोष्ट. परंपरेनं साल सांगतात इ.स.पू. ४९४. प्लेबियन शेतकरी लढाईवर जायचा, मागं शेत पडीक पडायचं. परत आला की दारात सावकार. कर्ज फिटलं नाही की माणूसच गहाण. रोमचा इतिहासकार लिव्ही सांगतो, एक म्हातारा शिपाई सावकाराच्या कोठडीतून सुटून भर चौकात आला. छातीवर लढाईच्या जखमा, पाठीवर चाबकाचे वळ. लोक पेटले. पण त्यांनी निवेदन दिलं नाही, शिष्टमंडळ नेलं नाही. ते उठले आणि शहर सोडून तीन मैलांवरच्या एका टेकडीवर जाऊन बसले. आता शेत कोण कसणार? लढणार कोण? पॅट्रिशियनांची तंतरली.

त्यांनी मेनेनियस अग्रिप्पा नावाचा एक गोडबोल्या पाठवला. त्यानं टेकडीवर गोष्ट सांगितली. एकदा हात, तोंड, दात यांनी पोटाविरुद्ध संप केला. आम्ही राबायचं आणि यानं बसून खायचं? पण पोट उपाशी राहिलं तसं सगळं अंगच वाळलं. तेव्हा बाबांनो, सिनेट हे पोट आहे, त्याला खाऊ घाला. आपल्याकडं हीच गोष्ट पुरुषसूक्तात आहे. तोंडातून ब्राह्मण, पायातून शूद्र, आणि आपण तर त्या अंगातही नाही. समाजाला शरीर म्हणणारा माणूस स्वतः कधी पाय होत नाही, हे गाठीला बांधून ठेवा. प्लेबियनांनी गोष्ट ऐकून घेतली, पण रिकाम्या हातानं खाली उतरले नाहीत. ट्रिब्यून घेऊन उतरले.

ट्रिब्यून म्हणजे प्लेबियनांचा स्वतःचा माणूस. तो प्लेबियनच असायचा आणि त्याला निवडायचे फक्त प्लेबियन. त्या सभेत पॅट्रिशियनाला मत नव्हतं. एकसुद्धा नाही. अधिकाऱ्यानं एखाद्या गरिबाला धरलं की ट्रिब्यून मधे उभा राहायचा. पुढं पुढं तो सिनेटचा ठरावही एका शब्दानं अडवू लागला. व्हेटो! मी मनाई करतो! त्याच्या अंगाला जो हात लावील त्याला कुणीही ठार करावं, अशी लोकांनी शपथ घेतली होती. त्याचं संरक्षण बंदूकधारी शिपायात नव्हतं, लोकांच्या शपथेत होतं. आणि त्याच्यावर बंधन काय? रात्र शहराबाहेर काढायची नाही आणि घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायचं. कुणीही, केव्हाही यावं. सुरुवातीला त्याला सिनेटच्या आत जागाही नव्हती. दाराबाहेर बाक टाकून बसायचा आणि आतल्यांना घाम फोडायचा. आपले प्रतिनिधी आत बसलेत, गादी मऊ आहे, आणि घाम बाहेर उभ्या असलेल्यांना फुटतो!

प्लेबियन आणि आपण एकच, असं कुणी समजू नये. प्लेबियन विटाळत नव्हता. त्याची सावली कुणाला बाटवत नव्हती. बारा पाट्यांच्या कायद्यात, इ.स.पू. ४५० च्या सुमारास, पॅट्रिशियन-प्लेबियन लग्नाला बंदी घातली गेली, आणि ४४५ ला कॅन्युलियस नावाच्या ट्रिब्यूननं ती मोडून काढली. पाच वर्षांत! रोमचा गुलामसुद्धा मालकानं सोडला की नागरिक व्हायचा. आपल्याला सोडणारा मालकच नव्हता, कारण आपला मालक अख्खं गाव होतं. म्हणून प्लेबियनांना जेवढं पुरलं तेवढं आपल्याला पुरणार नाही. पण जे त्यांनाही लागलं, ते तर आपल्याला लागणारच.

आता १९३२ कडे या. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी वेगळं काय मागितलं होतं? आमचा माणूस आम्ही निवडू. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात ते मिळालं. प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा, स्वतंत्र मतदारसंघ, आणि वर सर्वसाधारण मतदारसंघात दुसरं मत. गांधी येरवड्यात उपोषणाला बसले. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा झाल्या १४८. दुकानदार म्हणेल, वा, दुप्पट माल! पण निवडणार कोण? सगळे. सुरुवातीला आमच्या लोकांनी चौघांचं पॅनेल निवडायचं अशी एक तरतूद होती, तीही दहा वर्षांचीच. खुर्चीवर नाव आमचं, आणि तिच्यावर कोण बसेल ते ठरवणार गावचा पाटील. म्हणजे प्लेबियनांचा ट्रिब्यून निवडायचा पॅट्रिशियनांनी!

त्याचा निकालही बघा. १९५२ ला घटनेचा शिल्पकार उत्तर मुंबईत राखीव जागेवर पडला. १९५४ ला आपल्या विदर्भात, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत, परत राखीव जागेवर पडला. दोन्ही वेळा त्या जागेवर निवडून आला तो काँग्रेसनं उभा केलेला दलित. दलितांचा बाप दलितांच्या जागेवर दोनदा पडतो, यापेक्षा पुणे करारावर आणखी काय भाष्य पाहिजे?

बाबासाहेबांनी १९३६ ला मांडलेला मुद्दा मात्र याच्याही पुढचा आहे. इ.स.पू. ३६७ ला प्लेबियनांनी कॉन्सलपद, म्हणजे राज्याचं सर्वोच्च पद, मिळवलं. दोनपैकी एक कॉन्सल प्लेबियन. तरी तो कॉन्सल पॅट्रिशियनांना सोयीचाच का निघायचा? बाबासाहेब सांगतात, कारण निवडून आलेल्याला देवीचा कौल लागायचा आणि कौल सांगणारे पुजारी पॅट्रिशियन. बाबासाहेबांनी डेल्फीच्या देवीचं नाव घेतलंय. आजचे इतिहासकार रोमच्याच शकुन पाहणाऱ्या पुरोहितांकडे बोट दाखवतात, त्यांना ऑगर म्हणत. देव कोणताही असो, चावी कुणाकडं हा प्रश्न आहे.

इ.स.पू. २१५ चा दाखला घ्या. मार्सेलस नावाचा प्लेबियन सेनापती कॉन्सल निवडला गेला. दुसरा कॉन्सल आधीच प्लेबियन होता. दोघंही प्लेबियन! मार्सेलस पदावर बसतोय तोच ढग गडगडले. ऑगर म्हणाले, निवडणुकीत दोष आहे. पॅट्रिशियन कुजबुजले, दोन प्लेबियन देवाला खपत नाहीत. मार्सेलस पायउतार झाला, त्याच्या जागी पॅट्रिशियन आला. आणि गंमत अशी, की पुरोहितपदं इ.स.पू. ३०० लाच कायद्यानं प्लेबियनांना खुली झाली होती. पुजाऱ्यांच्या पंगतीत आपली माणसं बसली, कौल तोच राहिला.

असा कौल आपणही ऐकलाय. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. लोकांनी निवडलेल्या सभेचा ठराव! मग ढग गडगडले. मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या. इकडे नागपुरात ऑगस्टमध्ये इंदोऱ्याला मोर्चावर गोळ्या चालल्या, आपली पोरं मेली. आणि ऑगर बोलले, वातावरण अनुकूल नाही. १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली, तीही अर्ध्या नावानं, नामविस्तार म्हणून. ठरावापेक्षा कौल मोठा ठरला तो सोळा वर्षं.

म्हणून बाबासाहेब कौल सांगणाऱ्याशी घासाघीस करत बसले नाहीत. त्यांनी त्याचा देवच सोडला. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. दीक्षाभूमी ही आपली टेकडी आहे. फरक एवढाच, की रोमचे लोक टेकडीवरून उतरून त्याच देवांकडे परत गेले. आपण परत गेलो नाही.

आता कडू घोट. एवढं वाचून काही दोस्त म्हणतील, मग स्वतंत्र मतदारसंघ परत मागू, मिटला प्रश्न. नाही मिटत. इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस नावाच्या ट्रिब्यूननं जमिनीचा कायदा आणला. सरकारी जमीन धनदांडग्यांनी बळकावली होती, ती काढून भूमिहीनांना वाटायची. कायदा अडवला कुणी? मार्कस ऑक्टेव्हियसनं. तो कोण? दुसरा ट्रिब्यून! फक्त प्लेबियनांनी निवडलेला. ज्या व्हेटोनं गरिबाला वाचवायचं त्याच व्हेटोनं त्यानं गरिबाची जमीन रोखली. त्याचा भाऊबंद लिव्हियस ड्रुसस, इ.स.पू. १२२ चा. टायबेरियसचा भाऊ गायस लोकांसाठी दोन वसाहती मागत होता, तर सिनेटनं ड्रुससच्या तोंडून बारा वसाहतींची घोषणा करवली. लोक भुलले, गायस एकटा पडला, पुढच्या वर्षी मेला. खऱ्या माणसाला पाडायला त्याच्याहून गोड बोलणारा आपल्याच जातीचा माणूस उभा करायचा, ही युक्ती एकवीसशे वर्षं जुनी आहे. आणि वर गेलेले श्रीमंत प्लेबियन? ते पॅट्रिशियनांशी सोयरिकी जुळवून नवे सरदार झाले.

आपल्या नागपूरकडं बघा. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष इथंच जन्मला. डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला लाखो भूमिहीन तुरुंगात गेले. बाया लेकरं काखेत घेऊन गेल्या. तेव्हा पक्ष टेकडीवर होता, म्हणून सरकार हललं. मग एकेक जण खाली बोलावला गेला. कुणाला एक जागा, कुणाला एक मंडळ, कुणाला नुसतं आश्वासन. आता पक्षाच्या नावापुढं कंस आणि कंसात पुढाऱ्याचं नाव. चळवळीचे सातबारे झाले, ज्याच्या त्याच्या नावानं.

आणि २९ सप्टेंबर २००६ ला त्याच भंडारा जिल्ह्यात, खैरलांजीत, एका घरातली चार माणसं मारली गेली तेव्हा दार कुणाचं उघडं होतं? नोव्हेंबरात नागपूरच्या रस्त्यावर उतरल्या त्या वस्तीतल्या बाया आणि पोट्टे. कुणाच्या आदेशाची त्यांनी वाट पाहिली नाही. पुढारी मागून आले.

रोममधून शिकायचं ते एवढंच. टेकडी आधी, ट्रिब्यून नंतर. लोक संघटित होऊन उठून जाऊ शकतात ही भीती होती तोवर ट्रिब्यूनला किंमत होती. ती भीती गेली आणि ट्रिब्यून बाजारात आला. पण टायबेरियसनं आणखी एक गोष्ट केली. त्यानं ऑक्टेव्हियसला लोकांसमोर उभं केलं. ३५ गण मत देणार होते. १७ गणांनी ऑक्टेव्हियसला काढा म्हटलं तेव्हा टायबेरियस थांबला, त्याला शेवटचं विनवलं. तो हटला नाही. अठरावा गण पडला आणि ऑक्टेव्हियस ट्रिब्यून राहिला नाही. लोकांविरुद्ध जाणारा लोकांचा प्रतिनिधी नसतो, हे त्या दिवशी मतानं ठरलं. यासाठीच टायबेरियसला सोट्यांनी ठेचलं, सोबत तीनशे माणसं मारली. मारायला पुढं कोण होता? स्किपिओ नासिका, रोमचा मुख्य पुजारी!

राखीव जागांची मुदत आता २०३० पर्यंत आहे. ती वाढवा म्हणून मोर्चे निघतील, निघालेच पाहिजेत. पण त्यासोबत आपल्या माणसाला एक विचारू. उत्तर नागपूर असो की रामटेक, आमच्या नावाच्या जागेवर बसलेल्यानं वर्षातून एकदा वस्तीच्या सभेत उभं राहून हिशेब द्यावा. कुठल्या मोर्च्यात होता, कुठल्या ठरावावर गप्प बसला, कुणाच्या गाडीतून फिरला. युती करायची तर आधी वस्तीला विचारावं. आम्हाला न विचारता गट बदलला तर अठरावा गण आम्ही आहोत. परत बोलावण्याचा अधिकार कायद्यात नाही, ठीक आहे. ट्रिब्यूनही आधी कायद्यात नव्हता. तो लोकांच्या शपथेतून जन्मला, कायदा मागाहून आला.

तोवर एक सोपी परीक्षा आहे. आज रात्री बारा वाजता, एखाद्या मार खाल्लेल्या माणसाला सोबत घेऊन, आपल्या प्रतिनिधीच्या घरी जा. दार उघडलं तर ट्रिब्यून. नाही उघडलं तर तो कुणाचा माणूस आहे ते ओळखा, आणि पुढल्या वेळी मत देताना ते विसरू नका.