गोळीचा त्रास म्हणजे तप नव्हे

ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, किरणोपचार झाले आणि डॉक्टरांनी पाच वर्षांसाठी रोज एक लेट्रोझोल लिहून दिली. ही गोळी शरीरातलं इस्ट्रोजेन आणखी कमी करते. तिसऱ्या महिन्यापासून सामायिक संपवून उठताना गुडघे धरू लागले, कणीक मळताना बोटं वळेनात, भर थंडीत अंगातून वाफा निघायच्या.

ओळखीच्या एक काकू म्हणाल्या, "कर्माची निर्जरा होतेय, समतेनं सहन कर." केलं सहा महिने. मग कुणाला न सांगता पंधरा दिवस गोळीच घेतली नाही. यात कसली निर्जरा? ही तर लपवाछपवी! तप आपण पच्चक्खाण घेऊन, समजून-उमजून करतो. डॉक्टरांपासून दुखणं लपवणं त्यात बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी माझं बी.कॉम. कामी आलं. वहीत तारखेवार दुखणं मांडलं, बुडवलेल्या गोळ्यांसकट. डॉक्टर आधी रागावले, मग त्याच गटातली दुसरी गोळी दिली, हाडांची घनता तपासली, रोज चालायला लावलं. गोळी दिवसातून एकदाच, त्यामुळे चौविहार सुटला नाही. ड जीवनसत्त्वाची मऊ कॅप्सूल बहुधा जिलेटिनची असते, म्हणून मी पावडरची पुडी मागून घेतली. तुम्हीही विचारा, लाजू नका.

बोटं सकाळी अजून आखडतात. कणीक आता सून मळते, पोळ्या मी लाटते.