लक्षण एक, कारणे अनेक

अलीकडे आपल्या घरांतून काही नवे शब्द वारंवार कानी पडू लागले आहेत. मूल एका जागी बसत नाही, की ‘त्याला एडीएचडी असावा’ असे कोणीतरी सहज बोलून जाते. कपाटातील घड्या पुन्हा पुन्हा सारख्या करणारी गृहिणी ‘मला थोडा ओसीडीच आहे’ असे हसत सांगते. समारंभात चारचौघांत न मिसळणारा तरुण मोबाइलवरील एखादी चित्रफीत पाहून स्वतःला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचे ठरवून मोकळा होतो. ज्या विषयांची एका पिढीपूर्वी वाच्यताही होत नसे ते विषय आज बोलले जातात, हे स्वागतार्हच आहे. परंतु मनाविषयी बोलणे आणि रोगाचे निदान करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे भान सुटता कामा नये.

बँकेच्या कर्जविभागात असताना एखाद्या व्यापाऱ्याचा धनादेश वटला नाही, तर तेवढ्यावरून त्याची पेढी डबघाईला आली असे आम्ही कधी लिहीत नसू. उधारी अडकली असेल, हंगामापूर्वी माल भरला असेल, मुनीमजींच्या हातून तारीख चुकली असेल, किंवा धंदा खरोखरच बसला असेल. खतावणी, मालाचा साठा आणि मागील दोन-तीन वर्षांचे ताळेबंद पाहिल्याशिवाय अभिप्राय देता येत नसे. मनाच्या बाबतीतही हेच आहे.

‘लक्ष लागत नाही’ हे एकच लक्षण घ्या. ते एडीएचडीत, म्हणजे अवधानाची न्यूनता व अतिचंचलता या विकारात, असते. तेच लक्षण चिंताविकारात, नैराश्यात आणि अध्ययन-अक्षमतेतही दिसते. अपुरी झोप, रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड, कमी ऐकू येणे, फळ्यावरचे अंधूक दिसणे यांमुळेही लक्ष उडते. लोकांत मिसळणे टाळणारा माणूस स्वमग्न असू शकतो, भिडस्त असू शकतो किंवा निराशेने ग्रासलेला असू शकतो. शिवाय एकाच व्यक्तीत दोन विकार एकत्रही नांदतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेनुसार ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदाने एकाच रुग्णाला देता येत नसत. 2013 च्या पाचव्या आवृत्तीने ती मुभा दिली. तज्ज्ञांनाही ज्या सीमारेषा पुन्हा आखाव्या लागतात, त्या आपण दोन मिनिटांच्या चित्रफितीवरून कशा ओळखणार?

तज्ज्ञांच्या हातूनही अतिरेक होतो. याच पुस्तिकेच्या 1994 मधील चौथ्या आवृत्तीच्या समितीचे अध्यक्ष डॉ. ॲलन फ्रान्सेस यांनी पुढे स्वतःच ग्रंथ लिहून, मुलांमधील एडीएचडी, ऑटिझम आणि द्विध्रुवी विकार यांची निदाने अवाजवी फुगल्याचा इशारा दिला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नऊ लाखांहून अधिक मुलांचा एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे शाळाप्रवेशाची वयोमर्यादा 31 डिसेंबरला मोजली जाते. त्यामुळे डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान, तर जानेवारीतील मूल जवळजवळ वर्षभराने मोठे असते. जानेवारीतील मुलांच्या तुलनेत डिसेंबरमधील मुलग्यांत एडीएचडीचे निदान 30 टक्के अधिक, आणि मुलींत 70 टक्के अधिक आढळले. औषधे दिली जाण्याचे प्रमाणही असेच वाढलेले होते. जन्माचा महिना पाहून रोग येत नाही. म्हणजे काही बालकांच्या बाबतीत केवळ वयाने लहान असणे हेच विकार म्हणून नोंदले गेले. आपल्याकडेही एकाच इयत्तेत वर्षभराने लहान-मोठी मुले शेजारी बसतात. ‘शेजारचा कसा शांत बसतो’ असे म्हणण्यापूर्वी दोघांच्या जन्मतारखा पाहाव्यात.

स्वतःच निदान करण्याची वाट तर अधिकच निसरडी आहे. टिकटॉकवरील एडीएचडीविषयीच्या सर्वाधिक लोकप्रिय शंभर चित्रफिती कॅनडातील संशोधकांनी तपासल्या, तेव्हा त्यांतील 52 दिशाभूल करणाऱ्या निघाल्या. हा अभ्यास 2022 मधील आहे. ते माध्यम आपल्या देशात 2020 पासून बंद असले, तरी तशाच चित्रफिती अन्य माध्यमांतून आपल्या मुलांपर्यंत पोहोचतच आहेत. किल्ल्या विसरणे, कामाची चालढकल करणे, बोलता बोलता विषय सोडणे हे कोणाच्या हातून घडत नाही? एडीएचडीच्या निदानासाठी मात्र लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासूनची असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, त्यांमुळे जीवनात खरी बाधा यावी लागते, आणि अन्य कारण नाही याचीही खात्री करावी लागते. चित्रफीत यांतील पहिली पायरीही ओलांडत नाही.

चुकीच्या नावाची किंमत मोठी असते. नैराश्याने खचलेला तरुण ‘माझी जडणघडणच अशी आहे’ अशी समजूत करून घेतो आणि बरा होण्याजोगा आजार अंगावर काढतो. आठ वर्षांच्या मुलाला न लागणारे, भूक आणि झोप कमी करू शकणारे औषध सुरू होते. एकत्र कुटुंबात एकदा चिकटलेले नाव पुढे सोयरीक जुळवण्याच्या वेळी कोणीतरी हमखास काढते.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या 2015-16 मधील राष्ट्रीय सर्वेक्षणात, निरनिराळ्या मानसिक विकारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले. आपल्या व्यापारी घरांत तर ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने दुखणे दडवलेच जाते. एकाच घरात नातवाच्या खोडकरपणाला रोगाचे नाव मिळते आणि आजीचे महिनोन्‌महिने न जेवणे, न झोपणे ‘वयोमान’ म्हणून सोडून दिले जाते. योग्य निदान झाल्यावर, आयुष्यभर ‘आळशी’, ‘धांदरट’ ही विशेषणे सोसलेल्या माणसाच्या मनावरचे मोठे ओझे उतरते, हेही विसरता येणार नाही.

म्हणून शंका आल्यास क्रमाने जावे. प्रथम नेहमीच्या डॉक्टरांकडून डोळे, कान, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. झोपेच्या वेळांची महिनाभर नोंद ठेवावी. शिक्षकांना घरी बोलवावे किंवा शाळेत जाऊन भेटावे. जुनी प्रगतिपुस्तके जपून ठेवावीत. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन ‘याला एडीएचडी आहे’ असे न सांगता, काय दिसते, केव्हापासून आणि कोठे दिसते, एवढेच सांगावे. नाव देण्याचे काम त्यांचे. पहिल्याच दहा मिनिटांत निदान आणि औषध दोन्ही हाती पडले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही 14416 क्रमांकाची विनामूल्य सेवा मराठीतही उपलब्ध आहे. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी काढली, तर मात्र यांतील कोणत्याही क्रमाची वाट न पाहता त्याच दिवशी मदत मिळवावी.

आणि घरातील कोणी स्वतःहून एखादे नाव सांगितले, तर त्याची थट्टा करू नये. ते नाव कदाचित चुकीचे असेल. त्यामागचा त्रास बहुधा खरा असतो. ‘तुला नेमके काय होते, ते सांग’ एवढे विचारावे आणि मध्ये न बोलता ऐकून घ्यावे.