पोर्शन संपतो, मूल मागे राहते

बिहारमधील सरकारी शिक्षकांनी २००८ च्या जून महिन्यात, सुट्टीच्या काळात, वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी शिबिरे घेतली. साहित्य आणि पद्धत ‘प्रथम’ या संस्थेची होती. शिकवणारे नेहमीचेच शिक्षक होते. महिनाभरात मुलांच्या वाचनात मोजता येईल अशी सुधारणा झाली. पुढे शाळा सुरू असताना तेच साहित्य आणि तेच प्रशिक्षण शिक्षकांना दिले, तेव्हा मात्र फारसा फरक पडला नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेली ही तफावत वैयक्तिकृत शिक्षणाच्या आजच्या चर्चेत सर्वांत आधी मांडायला हवी. शिक्षकांना हे जमत नाही, असे म्हणायला जागा राहत नाही, कारण जूनमध्ये त्यांना जमले होते. जूनमध्ये त्यांच्या डोक्यावर पोर्शन नव्हता, एवढेच.

प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीवरून, त्याच्या गतीने शिकवायचे तर शिक्षकाचे काम मुळातून बदलते. धड्यापासून सुरुवात करण्याऐवजी त्याला मुलापासून सुरुवात करावी लागते. बावन्नमधून सत्तावीस वजा करताना एखादे मूल पस्तीस लिहिते. उत्तर चूक आहे हे कोणीही सांगेल. पण सातातून दोन आणि पाचातून दोन असे मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत ते तिथवर पोचले, म्हणजे हातच्याची वजाबाकी नव्हे तर दशक-एककच अजून कळलेले नाही, हे ओळखून काड्यांचे गठ्ठे काढायचे, हे शिक्षकाचे काम. ते पाचवीच्या वर्गातही करावे लागते. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. अशा वर्गात पाचवीचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नेणारा शिक्षक आपले कर्तव्य बजावतो आणि तरीही अर्धा वर्ग त्याच्यापासून तुटलेला असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात एक उपकलम शिक्षकाला ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करायला सांगते आणि त्याला लागूनच पुढचे उपकलम प्रत्येक मुलाची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवायला सांगते. पहिल्याची तपासणी सोपी असते, दुसऱ्याची अवघड. म्हणून व्यवहारात पहिलेच उरते.

हे काम संगणक करील, असे अनेकांना वाटते आणि त्याला आधारही आहे. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाचा अभ्यास झाला. मुलाच्या उत्तरांवरून त्याची पातळी ओळखून हा कार्यक्रम पुढचा प्रश्न देतो. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत ठळक प्रगती दिसली, आणि याचे श्रेय संशोधक मुख्यतः संगणकालाच देतात. ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या केंद्रांत नव्वद मिनिटांपैकी अर्धा वेळच मुले पडद्यासमोर असत; उरलेला अर्धा वेळ बारा-पंधरा मुलांच्या गटाला एक सहायक शिकवीत असे. शिवाय त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, तिची चर्चा कमी होते. केवळ नेहमीच्या शाळेत जाणाऱ्या, सर्वांत मागे असलेल्या मुलांची त्या काळात जवळजवळ काहीच प्रगती झाली नाही. त्यांच्या शाळेत शिक्षक होते, तासही होत होते. तास त्यांच्यासाठी नव्हते.

चाळीस मुलांचा वर्ग किंवा चार इयत्तांची द्विशिक्षकी शाळा सांभाळणारे शिक्षक विचारतील, प्रत्येकाकडे वेगळे लक्ष द्यायचे कसे? प्रश्न रास्त आहे. पण चाळीस मुलांना चाळीस वेगवेगळे धडे कोणी मागत नाही. हरियाणात दिवसातला एक तास बाजूला काढून प्राथमिक वर्गांतल्या मुलांचे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट केले, त्यावर देखरेख ठेवली, आणि सरकारी शिक्षकांच्याच हातून हिंदी वाचन सुधारले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: असे गट केले की मागच्या गटावर ‘ढ’ हा शिक्का बसेल. गट वर्षभर तेच राहिले तर नक्कीच बसेल. म्हणून ते एका तासापुरते असावेत, विषयागणिक वेगळे असावेत आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासून बदलावेत. मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलावर तो शिक्का आजही आहेच, आणि तो पुसायला कोणी येत नाही.

मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत दोन दशकांपूर्वी ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतल्या तरुणी मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर घेऊन दिवसाचे दोन तास शिकवीत. त्यातही सर्वाधिक फायदा सर्वांत मागे असलेल्यांनाच झाला. म्हणजे उपाय आपल्या घरचाच आहे, जुना आहे आणि महाग नाही. महाग आहे तो शिक्षकाचा वेळ, आणि तो आपण ऑनलाइन माहिती भरण्यात, पोषण आहाराच्या नोंदींत आणि मतदार याद्यांच्या कामात सर्रास खर्च करतो. शाळेला टॅब देताना समारंभ होतो. शिक्षकाला एक मोकळा तास देताना कोणी हार घालत नाही. तरीही तो तास द्यायला हवा, वेळापत्रकात लिहून द्यायला हवा, आणि त्या तासापुरते तरी केंद्रप्रमुखांनी ‘कितवा धडा चालू आहे’ हे विचारणे थांबवायला हवे. गटात कोण कुठून कुठे आले, हे विचारावे.

पालकांनीही शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत एवढे दोनच प्रश्न मांडावेत: आमचे मूल आज नेमके कोणत्या पातळीवर वाचते, आणि त्या पातळीचे शिकवण्यासाठी सरांना, मॅडमना दिवसाचा कोणता तास राखून ठेवला आहे?