संगणक शोधतो, माणूस पारखतो



अमावास्येच्या रात्री आकाश काळेभोर दिसते. पण ते पुरते काळे नसते. वातावरणाचा स्वतःचा अगदी मंद उजेड त्यात असतो. काही दीर्घिका या उजेडापेक्षाही अंधूक असतात. दीर्घिका म्हणजे कोट्यवधी ताऱ्यांचा समूह. उर्दूत तिला 'कहकशां' म्हणतात. बादलीभर पाण्यात चमचाभर दूध टाकले, तर ते दिसेनासे होते. या दीर्घिकांचा प्रकाशही तसाच पसरून विरळ होतो.

मग त्या सापडतात कशा? चिली देशात सेरो टोलोलो येथे ४ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. २०१३ ते २०१९ या काळात तिच्या कॅमेऱ्याने आकाशाच्या सुमारे आठव्या भागाची छायाचित्रे घेतली. प्रत्येक छायाचित्र असंख्य ठिपक्यांचे बनलेले असते. संगणक आधी आकाशाचा स्वतःचा उजेड मोजून वजा करतो. नंतर शेजारशेजारचे ठिपके थोडे जरी उजळ राहिले, तरी त्यांच्यावर खूण करतो.

पण येथेच तो फसतो. तेजस्वी ताऱ्याचा पसरलेला उजेड, आपल्या आकाशगंगेतील धुळीचे ढग, मोठ्या दीर्घिकेचा एखादा तुकडा, हे सारे त्याला अंधूक दीर्घिकाच वाटतात. म्हणून शास्त्रज्ञांनी खरी व खोटी उदाहरणे दाखवून संगणकाला शिकवले. त्याने निवडलेली हजारो चित्रे पुन्हा डोळ्यांनी तपासली आणि चुकीची काढून टाकली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादीत २३ हजारांहून अधिक अंधूक दीर्घिका आहेत.

काही जण म्हणतात, "आता सर्व कामे संगणकच करील, माणसाने डोळे का शिणवावेत?" मला हे पटत नाही. एवढी छायाचित्रे नुसत्या डोळ्यांनी पाहायला माणसाला जन्म पुरणार नाही, हे खरे. पण पारख करणारा कोणी नसेल, तर धुळीचे ढगही दीर्घिका म्हणून मोजले जातील. यादी चुकली, की विश्वाचा हिशेबही चुकतो.

पारख करण्याची ही रीत जुनीच आहे. दहाव्या शतकात इराणमधील इस्फहान शहरी अब्दुर्रहमान अस्-सूफी हे थोर खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांच्यापुढे टॉलेमीची आठशे वर्षांपूर्वीची ताऱ्यांची यादी होती. ती तशीच उतरवून घेणे सोपे होते. परंतु त्यांनी ती आकाशाशी ताडून पाहिली आणि चुका सुधारल्या. इ. स. ९६४ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एका लहानशा ढगाचीही नोंद केली. तो ढग म्हणजेच आज आपल्याला माहीत असलेली देवयानी दीर्घिका होय.

मित्रांनो, संगणक जरूर वापरा. तो चांगला मदतनीस आहे. पण त्याने दिलेले उत्तर वहीत उतरवण्यापूर्वी एकदा स्वतः तपासून पाहा.