कॅमेऱ्याचे ओझे मानेने का वाहावे?

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. हळदीपासून वरातीपर्यंत दहा-बारा तास पायांवर उभा असणारा माणूस म्हणजे फोटोग्राफर. त्याच्या अंगावर बहुधा दोन कॅमेरे असतात. ७०-२०० मिमीची मोठी लेन्स एकटीच सुमारे दीड किलोची. दोन बॉडी, दोन लेन्स आणि फ्लॅश धरले तर ओझे चार किलोंच्या पुढे जाते.

शाळकरी मुलांच्या दप्तरासाठी केंद्राचे २०२० चे धोरण आहे. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे, असे ते सांगते. स्वतंत्रपणे कामे घेणाऱ्या फोटोग्राफरचे ओझे मात्र कोणी मोजत नाही. त्याला भरपगारी रजा नसते. खांदा आखडला की हंगामाची कमाई बुडते. तरीही लाखाच्या कॅमेऱ्याला पट्टा असतो तो खोक्यातून आलेलाच.

दुखण्याचे मूळ अनेकदा तिथेच असते. गळ्यातला कॅमेरा मान पुढे ओढतो आणि मागचे स्नायू ताणलेले राहतात. एका खांद्यावर अडकवला, तर पट्टा घसरू नये म्हणून खांदा नकळत उचलला जातो. हाताकडे जाणाऱ्या नसा गळ्याखालच्या आडव्या हाडामागून जातात; तिथे सतत दाब आला तर बोटांना मुंग्या येऊ शकतात.

पट्टा अडीचऐवजी पाच सेंटीमीटर रुंद असेल, तर तेच वजन दुप्पट जागेवर पसरते आणि दाब निम्म्यावर येतो. एका कॅमेऱ्यासाठी आडवा, रुंद पट्टा चालतो; खांदा मात्र अधूनमधून बदलावा. दोन कॅमेऱ्यांना दोन्ही खांद्यांवर बसणारा, पाठीवर जोडलेला पट्टा बरा. कमरपट्टा भार थेट कंबरेच्या हाडांवर नेतो, पण फार आवळला तर मांडीची बाहेरची बाजू बधिर होते. फार ताणणारा रबरी पट्टा नको. चालताना कॅमेरा उसळतो आणि प्रत्येक हिसका खांद्याला बसतो. जड लेन्स असेल, तर पट्टा बॉडीऐवजी लेन्सच्या ट्रायपॉडच्या कड्याला लावावा. शिवण आणि हुक दर हंगामाआधी तपासावेत.

चांगल्या पट्ट्यानेही वजन कमी होत नाही, फक्त वाटले जाते. म्हणून जेवणाच्या पंगती बसल्या की कॅमेरे उतरवून ठेवावेत. मुंग्या रात्रीही राहिल्या किंवा हाताची पकड सैल झाली, तर मलम चोळत हंगाम संपण्याची वाट पाहू नये, डॉक्टरांना दाखवावे.