मार्जार आणि मार्जन

संस्कृतांत मांजरास मार्जार म्हणतात. स्वच्छ करणें ह्या अर्थाच्या मृज् धातूपासून हा शब्द झाला असून, संध्येंतील मार्जन व केर काढण्याची संमार्जनी हीं त्याचींच भावंडें होत. दिवसांतून अनेकवार आपलें अंग चाटून निर्मळ ठेवणाऱ्या प्राण्यास हें नांव शोभतें. परंतु मांजर मार्जन करितें तें स्वतःच्या अंगाचें. ज्या पात्रांत तें मलमूत्र विसर्जन करितें, त्याचें मार्जन घरांतील मनुष्यासच करावें लागतें. तें कोणीं करावें, कसें करावें व थोड्या खर्चांत कसें भागवावें, एवढाच आजचा विषय आहे. विषय क्षुल्लक खरा. पण ह्याच विषयावरून गेल्या वर्षीं आमच्या घरांत दोन दिवस अबोला होता.

झालें असें. धाकट्या सूनबाईंना दिवस गेले. ही वार्ता कळतांच आमच्या थोरल्या वहिनींनीं फर्मान सोडिलें कीं, मांजर आजच्या आज घराबाहेर गेलें पाहिजे. मुलांनीं रडारड केली. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. मात्र मांजराचें घमेलें साफ करण्याचें काम आजवर त्यांच्याकडेच होतें, ही गोष्ट त्या दिवशीं प्रथमच सर्वांच्या ध्यानीं आली.

डॉक्टरांस विचारतां, वहिनींच्या म्हणण्यांत तथ्य आहे, परंतु तें अर्धेंच, असें कळलें. मांजराच्या विष्ठेंतून टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय नांवाचा सूक्ष्म जीव बाहेर पडूं शकतो. (नांव ऐकून गोंदियाकरांनीं वाईट वाटून घेऊं नये. उत्तर आफ्रिकेंतील गुंडी नामक उंदरासारख्या प्राण्यांत तो १९०८ सालीं ट्यूनिस येथें आढळला, त्यावरून हें नांव पडलें.) गर्भारपणांत त्याचा संसर्ग प्रथमच झाल्यास गर्भास अपाय होण्याचें भय असतें. परंतु ताज्या विष्ठेंतील हा जीव लागलीच बाधत नाहीं. बाधण्याजोगा होण्यास त्यास एक ते पांच दिवस लागतात. म्हणजे घमेलें रोजच्या रोज साफ झालें व गर्भवतीनें त्यास हात लाविला नाहीं, तर भय पुष्कळच उणें होतें. शिवाय हा जीव मातींतून, न धुतलेल्या भाजींतून व कच्च्या मांसांतूनही येतो. मांजर हांकलून दिलें आणि पालेभाजी मात्र न धुतांच चिरली, तर साधलें काय?

वहिनींस हें पटलें. पण ‘मग रोज साफ कोण करणार?’ हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. सर्वांनीं एकमेकांकडे पाहिलें. तेव्हां सेवानिवृत्त माणसास सबब ती कोणती असणार, असें म्हणून आम्हीं तें काम पत्करिलें. त्या अनुभवांतून शिकलेलें पुढें देत आहों.

गोंदिया जिल्हा धानाचा आणि भातगिरण्यांचा. घरांत धान्याचीं पोतीं आलीं कीं उंदीर आलेच, आणि त्यांच्या पाठोपाठ मांजर आलें. पूर्वीं परसांतील मातींत त्याची सोय होई; आतां परसांत फरशी झाली. राख वापरावी तर ती पायांस चिकटून स्वयंपाकघरांत येते. वाळू जड, व तिचा दर्प दुसऱ्याच दिवशीं सुटतो. अमेरिकेंत १९४७ सालीं एडवर्ड लो ह्या गृहस्थानें राखेऐवजीं शोषक माती शेजारणीस दिली, व त्यांतून मोठा व्यापार उभा राहिला. ही माती आपल्याकडेही मिळते. पण निवृत्तिवेतनांत ती दरमहा परवडेना.

ह्यावर उपाय सांपडला तो लाकडी भुशाच्या दाबीव कांड्यांचा. बाजारांत ह्यांस पेलेट म्हणतात. वाळविलेला भुसा यंत्राच्या छिद्रांतून जोरानें दाबला म्हणजे उष्णतेनें लाकडांतील लिग्निन हें द्रव्य मऊ होऊन तेंच भुशास बांधून ठेवितें. निराळा डिंक लागत नाहीं. ओल लागली कीं कांडी फुगून पुन्हां भुसा होते, हाच तिचा गुण. बॉयलरच्या जळणासाठीं विकल्या जाणाऱ्या कांड्या स्वस्त पडतात, परंतु त्या निव्वळ लाकडाच्या आहेत ना, हें विचारून घ्यावें. धानाच्या तुसाच्या कांड्या ओल नीट शोषीत नाहींत. प्लायवुडच्या भुशांत सरस व रसायनें असतात. परीक्षा सोपी आहे: चार कांड्यांवर गरम पाणी ओतावें. थोड्याच वेळांत मऊ भुसा झाला तर माल घ्यावा. न झाल्यास सोडावा.

पात्र दुहेरी करावें. एक अखंड घमेलें खालीं, व त्यांत बसेल असें तळास छिद्रें पाडलेलें दुसरें वर. वरच्यांत बोटभर थर पुरे. कांड्या फुगतात, म्हणून अधिक घालणें म्हणजे पैसा वायां. रोज सकाळीं विष्ठा उचलावी, वरचें घमेलें हलवावें, खालीं गळलेला भुसा टाकून द्यावा व कमी झालें तेवढ्याच कोरड्या कांड्या घालाव्या. दोन-तीन आठवड्यांनीं सर्व बदलावें. थैलीची किंमत पाहूं नये, ती किती दिवस पुरली हें पाहावें. खरा हिशेब तो. आमच्याकडील पावसाळ्यांत उघड्या थैलींतील कांड्या हवेनेंच फुगतात, म्हणून त्या झांकणाच्या पिंपांत ठेवाव्या.

घमेलें धुण्यास कढत पाणी व साधा साबण घ्यावा, आणि उन्हांत वाळवावें. फिनेल कदापि वापरूं नये. त्यांतील द्रव्यें पचविण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फार थोडी असते, आणि पाय चाटून तें विष पोटांत जातें. ब्लीचिंगही नको, मूत्रांतील अमोनियाशीं त्याचा संयोग होऊन घातक वायु निघतो. टाकावू भुसा भाजीच्या वाफ्यांत घालूं नये, संडासांतही टाकूं नये. पिशवींत बांधून कचऱ्यांत द्यावा. हात साबणानें धुवावे, हें सांगणें नलगे.

नव्या कांड्या मांजरास एकदम रुचत नाहींत. आमच्या मांजरानें प्रथम दिवशीं आमच्या धुतल्या धोतराची निवड केली! मग जुन्या वाळूंत मूठ-मूठ मिसळीत पंधरा दिवसांत वाळू बंद केली. आणखी एक: बोका घमेल्यांत वारंवार बसून कुंथत असेल व भुसा कोरडाच राहत असेल, तर मूत्र तुंबलें असें समजून त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. रोज साफ करणाऱ्याच्याच हें लक्षांत येतें.

नात आतां पांच महिन्यांची आहे. ती व मांजर एकमेकांकडे टक लावून पाहतात, आणि वहिनी दोघांवर नजर ठेवितात. घमेलें अद्याप आमच्याकडेच आहे. तें परत मागण्यास कोणी आलें नाहीं, व आम्हींही देऊं केलें नाहीं. घरांतील जें काम कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं, तें कोण करितें, हें पाहण्यास आम्हांस साठी ओलांडावी लागली. वाचकांनीं इतका उशीर करूं नये.